ऑर्केस्ट्रात गिटार वाजवताना टॅबलेटवरून इफेक्ट कसे सांभाळायचे

एका रात्रीत ऑर्केस्ट्राच्या गिटारवाल्याला काय काय वाजवावं लागतं ते ज्याने वाजवलंय त्यालाच माहीत. सुरुवातीला गणपतीचं भक्तिगीत, तिथे साधा क्लीन टोन, त्याच्यामागे सत्तरच्या दशकातलं हिंदी गाणं ज्यात वाह (वाँव-वाँव करणारा) आणि फेजर (घुमत जाणारा) इफेक्ट नसेल तर गाणंच ओळखू येत नाही, मग लावणी जिथे गिटारने फक्त चिकचिक ऱ्हिदम धरायचा, मग कोरस (एक गिटार दोन-तीन असल्यासारखी वाटवणारा इफेक्ट) लावलेला आर्पेजिओ (सुटे सुटे वाजवलेले सूर), आणि शेवटी पब्लिक उठून नाचायला लागलं की डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेला आवाज. एवढ्या सगळ्यासाठी सात-आठ पेडल (पायाने दाबायचे इफेक्टचे डबे), त्यांच्या पॅच केबल आणि अडॅप्टर वागवायचे म्हणजे खांदे जातात आणि मंडपातल्या स्टेजवर तेवढी जागा पण नसते. म्हणून मी टॅबलेटवर आलो आणि आता बहुतेक सगळे कार्यक्रम त्याच्यावरच करतो. कसं ते सविस्तर लिहितोय, कारण नवीन पोरं मला हेच सारखं विचारतात.

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या. टॅबलेट दोन पद्धतीने वापरता येतो. एक म्हणजे आवाजच टॅबलेटमध्ये तयार होतो, गिटार ऑडिओ इंटरफेसमध्ये (गिटारचा आवाज डिजिटल करून टॅबलेटला देणारा छोटा डबा), इंटरफेस टॅबलेटला, ॲम्प्लिट्यूब किंवा बायस एफएक्ससारखं गिटार इफेक्टचं ॲप चालू आणि तिथून आवाज बाहेर. दुसरी म्हणजे आवाज तुमच्या मल्टी-इफेक्ट प्रोसेसरमध्येच (सगळे इफेक्ट असलेली एकच पेटी) तयार होतो आणि टॅबलेट फक्त रिमोट, म्हणजे मोठ्या स्क्रीनवर नॉब फिरवायचे. दुसरी पद्धत जास्त सेफ आहे, कारण टॅबलेट बंद पडला तरी गिटार वाजत राहते. तुमच्या प्रोसेसरला ब्लूटूथचं किंवा वायफायचं ॲप असेल तर तेच वापरा, आणि प्रोसेसर फक्त मिडी (वाद्यांच्या उपकरणांनी एकमेकांना द्यायचे निरोप) घेत असेल तर टचओएससी नावाचं ॲप आहे, त्यात स्वतःचे मोठे मोठे बटण आणि नॉब काढून मिडी मेसेज पाठवता येतात. अँड्रॉइड टॅबलेट असेल तर तो रिमोट म्हणूनच वापरा असं मी सांगेन, अँड्रॉइड 6 पासून त्यात मिडी आहे, पण आवाज उशिरा येण्याचा प्रॉब्लेम मॉडेलप्रमाणे बदलतो, काहींवर चांगलं चालतं आणि काहींवर वाजवणं अशक्य होतं.

पहिल्या पद्धतीने जायचं असेल तर इंटरफेसवर इन्स्ट किंवा हाय-झेड लिहिलेलं बटण दाबलंय का ते बघा, ते नसेल दाबलं तर गिटार मातीसारखी आणि बारीक वाजते आणि लोक तासन्तास ॲपमध्ये ट्रेबल वाढवत बसतात. जोरात वाजवल्यावर मीटर -12 डीबीच्या आसपास जायला पाहिजे, लाल लागता कामा नये. मग ॲपमधला बफर, म्हणजे आवाज किती मोठ्या तुकड्यांत घ्यायचा ते; तुकडा लहान तेवढा उशीर कमी. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पल म्हणजे 2.7 मिलिसेकंद, आत येताना आणि बाहेर जाताना मिळून आणि इंटरफेसचं स्वतःचं धरून सगळं 10 च्या आत बसलं तर बोटांना कळत नाही. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे 10 मिलिसेकंद म्हणजे ॲम्पपासून साडेतीन मीटर लांब उभं राहून वाजवल्यासारखं. 64 वर कडकड आवाज यायला लागला तर 128 वर या, उगाच अट्टाहास करू नका. आणि ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकरवर चुकूनही वाजवू नका, तिथे उशीर शंभर मिलिसेकंदाच्या वर जातो. ब्लूटूथवरून मिडी मात्र चालतं, कारण त्याच्यात आवाज नसतो, फक्त 'तीन नंबरचा प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) लाव' एवढाच निरोप असतो.

आता मुख्य मुद्दा, आणि ह्याच्यासाठीच एवढं लिहायला बसलो. गाणं चालू असताना टॅबलेटच्या स्क्रीनवर नॉब शोधायचा नाही. दोन्ही हात गिटारवर असतात, बोटाला घाम असतो आणि घामाच्या बोटाला स्क्रीन नीट ओळखत नाही, आणि स्क्रीनवर बघत राहिलात की अंतऱ्याचा कट चुकतोच. गाण्यातला बदल पायाने करायचा आणि स्क्रीनला हात लावायचा तो निवेदक बोलत असताना. निवेदक दोन गाण्यांच्या मधे अर्धा-एक मिनिट तरी बोलतो, तो तुमचा वेळ आहे, त्यात पुढच्या गाण्याचा डिले (सूर परत परत ऐकू येणं), रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा), आवाज काय ते करून घ्या. पायासाठी चार बटणांचा ब्लूटूथ मिडी फूटस्विच पुरतो. पहिलं बटण क्लीन, दुसरं क्रंच (थोडा फाटलेला), तिसरं लीड (सोलोचा टोन), चौथं त्या गाण्याचा खास इफेक्ट, म्हणजे वाह किंवा फेजर काय असेल ते. फूटस्विच प्रोग्रॅम चेंज, म्हणजे प्रीसेट बदलायचा मिडी निरोप, पाठवतो, ॲपमध्ये मिडी लर्न दाबून बटण दाबलं की ते जोडलं जातं, पाच मिनिटांचं काम आहे.

पंचवीस गाण्यांसाठी पंचवीस प्रीसेट करू नका. मी पण सुरुवातीला तेच केलं होतं, आणि आयत्या वेळी गायकाने पट्टी बदलली आणि गाण्यांचा क्रम बदलला की स्क्रीनवर वरखाली शोधत बसायची वेळ यायची. पाच-सहा चांगले प्रीसेट ठेवा आणि प्रत्येकात स्क्रीनवर चारच नॉब मोठे दिसतील असं करा: गेन (आवाज किती फाटायचा), डिलेचं मिक्स (इफेक्ट किती मिसळायचा), रिव्हर्बचं मिक्स आणि एकूण आवाज. स्टेजवर ह्याच्यापलीकडे खरंच काही लागत नाही. सगळ्या प्रीसेटचा आवाज एकमेकांशी जुळवून घ्या आणि लीडला 3-4 डीबी जास्त द्या, म्हणजे म्युझिक पीस आला की साउंडवाल्याकडे बघून हात हलवायला लागत नाही. डिले तालात पाहिजे, त्याचं गणित सोपं आहे, 60000 ला बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा) भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद येतात. 120 च्या गाण्याला 500, आणि डॉटेड एट्थ (पाऊण मात्रेचा डिले) पाहिजे असेल तर त्याच्या पाऊणपट म्हणजे 375. ढोलकीवाला लय वाढवतोच, म्हणून एक बटण टॅप टेम्पोला (तालात दाबून डिले लयीशी जुळवायला) ठेवता आलं तर फार बरं.

घरी हेडफोनवर केलेला टोन स्टेजवर कधीच तसा लागत नाही. घरी रिव्हर्ब गोड वाटतो, मंडपात तोच रिव्हर्ब पत्र्यावर आपटून सगळा चिखल करतो, म्हणून घरच्यापेक्षा निम्मा ठेवा. 80-100 हर्ट्झच्या खालचं कापून टाका (ह्यालाच लो कट म्हणतात), ती जागा बेस आणि ढोलकीची आहे. बऱ्याच मंडपांत सिस्टम मोनोच असते (डावं-उजवं वेगळं नसतं), तेव्हा डावी-उजवीकडे उडणारा डिले मोनोत टाका नाहीतर अर्ध्या रिपीट गायब होतात. हे सगळं साउंडचेकला सिस्टमवर ऐकून ठरवायचं, आणि रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचे असतात म्हणून कार्यक्रम लवकर सुरू करायची घाई असते आणि साउंडचेक दहा मिनिटांत उरकतात, त्या दहा मिनिटांत तुम्ही रिव्हर्बवरच बसलात तर बाकी काहीच होणार नाही. म्हणून सगळ्यात आधी आवाज आणि लो कट, बाकी नंतर.

वीज हा आपल्याकडचा खरा वैरी. चार्जर लावला की घूंऽऽ असा हम येतो, कारण जनरेटरवर आणि एक्स्टेन्शन बोर्डवर अर्थिंग बहुतेक वेळा नसतंच. चार्जरऐवजी पॉवर बँक लावा, हम लगेच जातो. मिक्सरला जाताना मधे डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला नीट जुळवून देणारा डबा) ठेवा आणि त्याचं ग्राउंड लिफ्ट (अर्थची जोडणी तोडणारं) बटण दोन्ही बाजूला करून ऐका. यूएसबी-सी हब वापरत असाल तर चार्जिंगची वायर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी लावा आणि नंतर तिला हात लावू नका, कारण मधेच लावली किंवा काढली की बऱ्याच हबमध्ये इंटरफेस क्षणभर डिस्कनेक्ट होतो. लाइटनिंगवाल्या आयपॅडला चार्जिंगची जागा असलेला कॅमेरा अडॅप्टरच घ्या, नाहीतर इंटरफेसला वीज पुरत नाही.

एकदा दुपारी चारच्या उन्हात साउंडचेक होता, टॅबलेट स्टँडवर उघडाच होता आणि तापून त्याने स्क्रीन बंद केली, वर तापमानाची सूचना. ॲपल स्वतःच 35 अंशांपर्यंतच वापरा म्हणतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच त्याच्या वर असतं. तेव्हापासून मी जाड कव्हर काढून ठेवतो, सावलीत उभा राहतो आणि ब्राइटनेस निम्म्यावर ठेवतो. टॅबलेटचा स्टँड उजव्या हाताला ठेवा, कारण गिटारचं डोकं डावीकडे फिरतं आणि एका झटक्यात टॅबलेट खाली येतो, शिवाय कॉर्ड घुमत असताना मोकळा असतो तो उजवाच हात. इंटरफेस स्टँडलाच वेल्क्रोने बांधा, लोंबकळणारी यूएसबी पिन सगळ्यात आधी दगा देते. स्टँडला एक सुती रुमाल अडकवा, बोटं पुसायला.

कार्यक्रमाच्या आधी सेटिंग: एअरप्लेन मोड चालू, मग ब्लूटूथ परत चालू (प्रोसेसर वायफायवर असेल तर वायफायपण), डू नॉट डिस्टर्ब, ऑटो-लॉक नेव्हर, लो पॉवर मोड बंद, की-बोर्डचे टकटक आवाज बंद (ते पण सिस्टमवर येतात!), चार-पाच बोटांचे जेस्चर बंद. आयपॅडमध्ये गाइडेड ॲक्सेस चालू करा, होम किंवा वरचं बटण तीनदा दाबलं की ॲपच्या बाहेर जाताच येत नाही आणि स्क्रीनचा नको तो भाग बोटाने गोल करून बंदही करता येतो, अँड्रॉइडला त्यासाठी ॲप पिनिंग आहे. ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवा, आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात ॲपही अपडेट करू नका, कितीही नवीन पेडल आलेलं असू दे.

आणि बॅगेत एक साधं ओव्हरड्राइव्ह पेडल, त्याची नवीन बॅटरी आणि एक जास्तीची केबल ठेवा. टॅबलेट अडकला की इंटरफेसमधली पिन काढायची, पेडलमध्ये लावायची आणि पेडल त्याच डीआयमध्ये. रिहर्सलला हे चार-पाच वेळा घड्याळ लावून करून बघा, माझं आता साधारण एका मुखड्यात होतं.