ताजं राजकारण वर्गात घेताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्याच मिनिटाला होते: "कोणाकोणाला पटतं? हात वर करा." आठवीचा वर्ग, विषय तीन कृषी कायदे. दुसऱ्या बाकावरची मुलगी आधी सरपंचांच्या नातवाकडे बघते, मग हात वर करते. संध्याकाळी पारावर एकच विषय, गुरुजींनी शाळेत मतदान घेतलं, अमक्याचं पोरगं विरोधात गेलं. सकाळी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष ऑफिसात हजर. आणि कायदा नेमका काय होता, ते एकाही पोराला सांगता येत नाही.

मत सगळ्यात शेवटी, तेही बिननावाच्या चिठ्ठीवर. आधी फळ्यावर तारखा: ५ जून २०२० अध्यादेश, सप्टेंबरात कायदे, १२ जानेवारी २०२१ सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, १९ नोव्हेंबर माघारीची घोषणा, २९ नोव्हेंबर संसदेत रद्द. मग एकच तरतूद उचला: बाजार समितीच्या आवाराबाहेर खरेदी, त्यावर बाजार फी नाही. खेडा खरेदीचा कापूस व्यापारी दारात काटा लावताना पोरांनी पाहिलेला असतो, त्यांना हे लवकर कळतं. "मना बाप सांगस..." अशी अहिराणीत सुरुवात झाली तर भाषा सुधारू नका, पोरगं पुन्हा तोंड उघडत नाही. रावेर-यावलकडचं एखादं विचारेल, आमची केळी तर बांधावरूनच जाते. बरोबर आहे त्याचं. महाराष्ट्रात फळं-भाजीपाला २०१६ मध्येच नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीतच विकण्याचं बंधन गेलं. याला दोन तासिका लागतात. एका तासात उरकायची घाई असेल तर विषय काढूच नका.

‘आमदार फुटले’ शिकवताना एक तृतीयांशचा आकडा अजून फळ्यावर दिसतो. एक तृतीयांश आमदार फुटले तर आमदारकी जात नाही, ही १९८५ च्या दहाव्या अनुसूचीतली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यातली सवलत ९१व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्येच गेली. उरलं ते दुसऱ्या पक्षातलं विलीनीकरण, तेही दोन तृतीयांश आमदार राजी असतील तर.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पुरावा म्हणून दाखवू नका.

दोन्ही बाजू मांडा, पण तारखेला दुसरी बाजू नसते. फळ्यावर तीन रकाने पाडा: घडलं काय, सरकारचं म्हणणं, विरोध करणाऱ्यांचं म्हणणं. चौथा, गुरुजींचं म्हणणं, पाडायचा नाही.

आणि आचारसंहितेच्या दिवसांत तासिका संपली की फळा स्वतः पुसा. बऱ्याचदा त्याच खोलीत मतदान केंद्र बसतं.