गणिताची धास्ती असताना विषय कसा निवडावा

माझी भाची यंदा बी.कॉम.ला. फॉर्म भरायच्या आदल्या रात्री सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी येऊन बसली. "मावशी, गणित नसलेलं काहीतरी सांग की." मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिते, म्हणून तिला वाटतं मी आकड्यांना भीत नाही. दहावीला बीजगणिताच्या पेपरआधी मला उलटी झाली होती, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

आधी नक्की कशाला भिताय ते शोधा. कुणाचं अक्षरांवर अडतं, क्ष आला की पुढचं दिसत नाही. कुणाचं घड्याळावर. माझं फळ्यापाशी अडायचं, कारण एका सरांनी खडू हातात देऊन मला तास संपेपर्यंत उभं ठेवलं होतं. मराठी माध्यमातल्या बऱ्याच पोरांचं भांडण तर गणिताशी नसतंच, इंग्रजी शब्दांशी असतं. 'प्रमाण विचलन', म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप, येतं; त्यालाच 'स्टँडर्ड डेव्हिएशन' म्हटलं की दचकतात. त्यांनी विषय सोडू नये, वहीच्या मागच्या पानावर शब्द लिहून काढावेत.

मग अभ्यासक्रम बघा. सांगली-साताऱ्यातली बरीच कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली आहेत, अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळतो. पेपरच्या नावावर जाऊ नका. 'बिझनेस मॅथेमॅटिक्स' म्हटलं की व्याज आणि कमिशन डोळ्यांपुढे येतं, पण आत मॅट्रिक्स किंवा विकलनही निघू शकतं. एखादा जुना पेपर घ्या आणि एक गणित उत्तर समोर ठेवूनच सोडवा. पायऱ्या कळल्या तर विषय झेपेल. उत्तर वाचतानाही तिसऱ्या ओळीला हरवलात, तर दुसरा पर्याय बघा.

भाचीला मी संख्याशास्त्राचं एक गणित घातलं. पाच दिवसांत भडंगाची पाकिटं खपली 12, 15, 9, 14, 10. सरासरी 12. पुढच्या रकान्यात प्रत्येक आकड्यातून 12 वजा: 0, 3, −3, 2, −2. या रकान्याची बेरीज शून्य यायलाच हवी, नाही आली तर चूक मागेच झालीय. मग वर्ग, त्यांची बेरीज 26, भागिले 5, म्हणजे 5.2, आणि त्याचं वर्गमूळ साधारण 2.28. झालं प्रमाण विचलन. रकाना स्वतःच चूक दाखवतो हे बघून ती जरा सैल बसली. अक्षरांना भिणाऱ्याला असं रकान्यांचं गणित जमतं. घड्याळाला भिणाऱ्याला मात्र हेच लांबलचक वाटेल, त्याने वेळ लावून बघावं.

अकरावी कॉमर्सला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते, ठीक आहे. पण पुढे बीसीए किंवा अर्थशास्त्र करायचं मनात असेल तर आकडे तिथे वाट बघत असतात. आणि मैत्रिणीने घेतला म्हणून विषय घेऊ नका, ती पेपरला शेजारी बसणार नाही.

शनिवारी भाची कॉलेजात जाऊन तीन गोष्टी विचारून आली: परीक्षेत साधा कॅल्क्युलेटर चालतो का, अंतर्गत मार्क किती, आणि विषय बदलायची शेवटची तारीख कुठली. पहिल्या दोन्हींची उत्तरं खिडकीवरच मिळाली. तारखेसाठी सोमवारी या म्हणाले. सोमवारी ती पुन्हा गेली आणि तारीख पावतीच्या मागे लिहून घेऊन आली.