चित्रपटाची बिनपाण्याची करताना या चुका टाळा

शुक्रवारी पहिला शो सुटतो आणि प्रेक्षक दादर स्टेशनवर पोहोचेपर्यंत मोबाईलवर निकाल लागलेला असतो: ‘डोक्याला शॉट’, ‘पैसे पाण्यात’. असं झोडपणारं परीक्षण वाचायला मजा येते, आणि त्या मजेत गैर काही नाही. डोंबिवलीहून चौघांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला येतं तेव्हा तिकिटं, पॉपकॉर्न, प्रवास आणि अख्खा रविवार खर्ची पडतो. इतकं करून सिनेमा रद्दी निघाला, तर ते कुणीतरी खणखणीत शब्दांत म्हणायलाच हवं. प्रसिद्धीच्या गोड बोलण्यात तो एक आवाज तरी प्रेक्षकाच्या बाजूचा असतो.

मुंबईला हा आवाज नवा नाही. बाबूराव पटेलांचं ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक १९३५ साली इथूनच सुरू झालं आणि त्यातल्या परीक्षणांची निर्मात्यांना धास्ती असे. आचार्य अत्र्यांच्या लेखणीबद्दल तर मराठी माणसाला सांगायला नको. पण दोघांनीही स्वतः चित्रपट केले होते. अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्यामुळे ‘याला सिनेमातलं काय कळतं’ असं म्हणायची सोय नव्हती. आज त्यांची धार उचलायला पुष्कळ जण पुढे येतात, पण धारेमागची ही जाण फारशी कुणी घेत नाही. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

शेरा आधी, सिनेमा नंतर

विसाव्या मिनिटाला एक झणझणीत वाक्य सुचतं. ते इतकं आवडतं की उरलेले दोन तास त्या वाक्याला पुरावा शोधण्यात जातात. पडद्यावर चांगलं काही आलं तरी ते टिपलं जात नाही, कारण ते वाक्यात बसत नाही. माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक आहे, कारण वाचकाला ती दिसत नाही. त्याला फक्त वाक्य दिसतं.

यावर एक साधी सवय उपयोगी पडते. थिएटरात वहीत फक्त घडलेलं लिहायचं: कोण कुठे उभं होतं, काय बोललं, कॅमेरा किती वेळ थांबला. विशेषणं घरी आल्यावर.

याचा फरक किती पडतो ते पाहा. ‘पटकथेला शेंडाबुडखा नाही’ हे वाक्य कुठल्याही सिनेमाला चिकटवता येतं. त्याऐवजी असं लिहिलं तर? ‘मध्यांतराला नायिका घर सोडते. मध्यांतरानंतरच्या दुसऱ्याच प्रसंगात ती त्याच स्वयंपाकघरात कुकर लावते आहे, आणि त्याबद्दल घरातलं कुणी चकार शब्द काढत नाही.’ इथे एकही शिवी नाही. तरी घाव खोल बसतो आणि दिग्दर्शकाला उत्तर देणं अवघड जातं. वाचकालाही स्वतः ठरवता येतं की ही चूक त्याला खटकेल की नाही.

चोर सोडून संन्याशाला

‘छायाचित्रण अंधारं आहे’ लिहिण्याआधी आठवा: सिनेमाआधीच्या जाहिराती आणि ट्रेलरही तसेच मळकट दिसले होते का? तसं असेल तर बहुधा प्रोजेक्टरचा दिवा थकलाय आणि छायाचित्रकाराचा त्यात दोष नाही. थ्रीडी असेल तर चष्म्यानेही उजेड कमी होतो. संवाद ऐकू आले नाहीत, तर ते एकाच पात्राचे की सगळ्यांचेच, हे बघा. सगळ्यांचेच असतील तर कुणीतरी आवाज खाली केलेला असू शकतो. जाहिराती कानठळ्या बसवतात म्हणून प्रेक्षक तक्रार करतात, आवाज कमी होतो आणि सिनेमा सुरू झाला तरी तो तसाच राहतो. शंका असेल तर दुसऱ्या थिएटरात जाऊन निदान अर्धा तास पाहा, नाहीतर तो मुद्दा गाळा.

अभिनयाचंही तेच. नटाचा चेहरा बरोबर आहे पण बोलणं कोरडं वाटतंय, असं झालं तर डबिंगकडे कान द्या. बंद खोलीत आणि रस्त्यावर आवाज सारखाच येत असेल, तर तो संवाद स्टुडिओत भरलेला असण्याची शक्यता मोठी. तिथे ‘नट ठोकळा आहे’ म्हणणं अर्धवट आहे.

आणि ‘संकलन ढिसाळ’ हा शेरा तर सर्रास मारला जातो. सिनेमा लांबला की संकलकाच्या नावाने खडे फोडायचे. पुष्कळदा लांबण पटकथेतच असते. एकच माहिती तीन प्रसंगांत पुन्हा सांगितली असेल, तर तो लेखनाचा दोष. प्रसंगाचं काम संपल्यावरही तो पडद्यावर रेंगाळत असेल, तर संकलनाबद्दल बोला. तेही जपून, कारण शेवटची कात्री कुणाच्या हातात होती हे बाहेरून कळत नाही.

सिनेमावरून माणसावर

नटीचं वजन, नटाचं वय, दिग्दर्शकाचं घराणं, कुणाचं कुणाशी लग्न. टाळ्या इथेच जास्त पडतात. इथे कायदाही माहीत असावा. बदनामीच्या कलमाला (पूर्वी भारतीय दंड संहितेतलं ४९९, आता भारतीय न्याय संहितेतलं ३५६) एक अपवाद आहे: लोकांच्या मतासाठी पुढे ठेवलेल्या कलाकृतीबद्दल सद्भावनेने दिलेलं मत ही बदनामी नव्हे. त्याखाली दिलेली उदाहरणं प्रत्येक परीक्षकाने वाचावीत अशी आहेत. अमक्याचं पुस्तक अश्लील आहे, त्याचं मन मलिन असावं, असं म्हटलं तर संरक्षण मिळतं, कारण ते मत पुस्तकात दिसलेल्या स्वभावापुरतंच आहे. पण पुस्तक असं निघालं यात नवल नाही, कारण तो माणूसच लंपट आहे, असं म्हटलं की संरक्षण जातं. कलाकृतीवरून माणसाकडे जाणं आणि माणसावरून कलाकृतीकडे येणं, यातला फरक १८६० सालच्या कायद्याने इतका नेमका टिपलाय. आपल्या परिच्छेदाची दिशा कुठली, एवढं तपासलं तरी पुष्कळ ओळी आपोआप गळतात.

मराठी आहे म्हणून

इथे दोन उलट चुका होतात. एक, मराठी सिनेमा आहे, सांभाळून घ्या, ही गळ. ती मानू नका. प्रेक्षकाने हिंदी सिनेमाइतकेच पैसे मोजलेत. दुसरी चूक मला जास्त खुपते: आठवड्याभरात ज्याचा शो निघून जाणार आहे, अशा छोट्या सिनेमावर हजार शब्दांची तोफ डागणं. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना प्राइम टाइम मिळावा म्हणून २०१५ साली राज्य सरकारला पुढे यावं लागलं, आणि शेवटी तो ‘प्राइम टाइम’ दुपारी बारा ते रात्री नऊ असा ताणला गेला. ज्याला जेमतेम दोन शो मिळालेत, त्याचे दोष चार ओळींत, तितक्याच स्पष्टपणे सांगता येतात. तोफखाना त्यांच्यासाठी ठेवा, ज्यांनी सगळे पडदे अडवलेत आणि तरी आळस केलाय.

‘सोमवारी उतरणार’

हा धंद्याचा अंदाज झाला, परीक्षण नव्हे. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला आला तेव्हा सुरुवातीची परीक्षणं वाईट होती आणि धंदेवाल्यांनीही नकारार्थी मान हलवली होती. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. यावरून परीक्षक मूर्ख ठरत नाहीत. गर्दी झाली म्हणून दोष नाहीसे होत नाहीत, आणि ओस पडला म्हणून सिनेमा वाईट ठरत नाही. पण ज्याने गल्ल्याचं भविष्य सांगितलं, त्याचं बाकीचं बरोबर मतही त्या भविष्याबरोबर वाहून गेलं.

मत बदललं तर

एकट्याने पाहून लगेच लिहिण्याची घाई शक्य तिथे टाळा. मुंबईत १९६८पासून प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी आहे. तिथे सिनेमानंतर चार जण भांडतात, आणि आपल्या नजरेतून काय सुटलं ते कळतं. तरीही चुकीचं लिहून बसलात, तर काय करावं याचा उत्तम नमुना अमेरिकेतला आहे. १९६७ साली ‘बॉनी अँड क्लाइड’ला ‘न्यूजवीक’च्या जो मॉर्गनस्टर्न यांनी झोडपलं, मग पुन्हा पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात आपण चुकलो हे त्याच साप्ताहिकात छापलं.

आज हे जास्त सोपं आहे. जुनं परीक्षण पुसू नका. त्याच्या माथ्यावर तारीख टाकून लिहा, कुठला प्रसंग पुन्हा पाहिला आणि आधी त्यात काय दिसलं नव्हतं. खालचा मजकूर, त्यातल्या कडक शेऱ्यांसकट, तसाच राहू द्या.