पावसाळी सल्ला : एन्झाइमच्या पाकिटाआधी गादी बघा

मुरबाड-शहापूरकडच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये पावसाने जोर धरला की पक्षी पातळ हगू लागतात आणि लगेच खाद्यात घालायच्या एन्झाइमचं (पचनाला मदत करणाऱ्या पुडीचं) पाकीट आणलं जातं. त्याआधी गादी, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस, तपासा. ड्रिंकरखालचं (पाण्याच्या भांड्या-नळ्यांखालचं) तूस मुठीत घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ओल जास्त आहे. अशा उबदार ओलीत कॉक्सीची (आतड्यात रोग करणाऱ्या सूक्ष्म परजीवीची) अंडी दीड-दोन दिवसांत रोग पसरवायला तयार होतात. ते तूस त्याच दिवशी काढा, कोरडं टाका, गळणारे निपल (पाणी पिण्याच्या तोट्या) बदला. विष्ठेत रक्त दिसलं तर एन्झाइमचा काही उपयोग नाही, पशुवैद्यकांना बोलवा.

गादी कोरडी असेल तर मग खाद्याकडे वळा. मका आणि सोया पेंडीतला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या, कोंबडीला नीट न पचणाऱ्या रूपात अडकलेला असतो, तो फायटेज हे एन्झाइम मोकळा करतं. पाकिटावर ग्रॅमला 5000 युनिट लिहिलं असेल, तर 100 किलो खाद्याला 10 ग्रॅम पुरतं. चमच्याचा अंदाज नको, छोटा डिजिटल काटा ठेवा. आधी 1 किलो बारीक भरड्यात कालवा, मग ते 10 किलोत, मग सगळ्यात. थेट टाकलं की एका पोत्यात जास्त जातं, दुसऱ्यात काहीच नाही.

एवढ्या मात्रेवर 100 किलोमागे साधारण अर्धा किलो डीसीपी (हाडांसाठी फॉस्फरस-कॅल्शियम देणारी पूड) कमी करता येतो. पैसे इथेच वाचतात आणि घातही इथेच होतो. पाकीट उघडं राहून ओल धरतं, एन्झाइम निकामी होतं, डीसीपी मात्र कमी केलेला असतो. मग पिल्लं बसून राहतात, चोच दाबली तर रबरासारखी वाकते. म्हणून पाकीट हवाबंद डब्यात, सावलीत ठेवा. चुनखडी वाजवीपेक्षा जास्त घालू नका, तिने फायटेजचं काम मंदावतं. खाद्याच्या पेलेट (गरम करून दाबलेल्या गोळ्या) करून घेत असाल तर उष्णता सोसणारंच फायटेज मागा.

झायलनेज हे दुसरं एन्झाइम गहू किंवा गव्हाचा कोंडा वापरणाऱ्यांसाठी. तांदळाच्या कणीवर त्याचा खर्च करू नका.

नवी मुंबईच्या हॉटेलांचं खरकटं डुकरांना घालणाऱ्यांनी ते पूर्ण उकळावं, आणि एन्झाइम घालायचंच असेल तर कोमट झाल्यावर.

भाताचा कोंडा गिरणीतून आठवड्यापुरताच आणा. या हवेत तो लवकर खवट होतो. वास तिखट आला, तर कितीही एन्झाइम घातलं तरी तो खाऊ घालू नका.