अतिदक्षता विभागातील शेवटचे दिवस: नातेवाइकांनी काय पाहावे, काय विचारावे

गावाकडचा पेशंट नागपूरला किंवा सेवाग्रामला आयसीयूत भरती झाला की घरची माणसे व्हरांड्यात चटई टाकून बसतात आणि आत काय चालले आहे, हे त्यांना बहुधा औषधांच्या चिठ्ठीवरूनच कळते. माणूस वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावर त्याची देखभाल कशी झाली, याचे खरे साक्षीदार मात्र हेच लोक असतात.

डॉक्टरांशी बोलण्यासाठी घरातला एकच माणूस ठरवा आणि रोजची भेटीची वेळ मागून घ्या. "बरे होतील का?" असे विचारले तर "प्रयत्न चालू आहेत" एवढेच उत्तर मिळते, त्याऐवजी या उपचाराने ते शुद्धीवर येऊन घरी परततील की केवळ मरण लांबेल, असे सरळ विचारा.

सर्वांत जास्त लक्ष दुखण्यावर आणि धापेवर ठेवा. ज्याला बोलता येत नाही, त्याचे दुखणे कपाळावरच्या आठ्यांतून, कूस बदलताना आवळलेल्या मुठींतून दिसते. ते दिसताच नर्सला सांगा. योग्य मात्रेतले मॉर्फिन वेदना आणि धाप दोन्ही कमी करते, म्हणून त्याविषयी विचारायला कचरू नका. माझ्या आईचे ओठ सुकून चिरले होते; एका नर्सताईंनी ओल्या कापसाने ते पुसायला मला शिकवले, आणि त्या दहा मिनिटांत आपण आईसाठी काहीतरी करतो आहोत, असे मला पहिल्यांदा वाटले. गंगाजलही विचारूनच आणि ओठांना लावण्यापुरतेच द्यावे, कारण घशात गेलेले पाणी श्वासनलिकेत उतरू शकते.

निरर्थक ठरलेले उपचार थांबवण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये तो सोपा केला: रुग्णालयाचे तीन डॉक्टरांचे मंडळ, त्यानंतर तिघांचेच दुसरे मंडळ आणि घरच्यांची संमती. म्हणून "आमच्या जबाबदारीवर नेतो" या कागदावर सही करण्याआधी या मार्गाची चौकशी करा. घरीच न्यायचे ठरले, तर दुखण्याचे औषध कोणते, किती आणि गावात ते कोण देणार, हे लिहूनच घ्या.

तेरवी आटोपल्यावर रुग्णालयाला चार ओळींचे पत्र लिहा. दुखणे आवरले का, खरे वेळेवर सांगितले का, शेवटी हात धरू दिला का, एवढे त्यात असू द्या. आणि ज्या नर्सने चांगले केले, तिचे नावही लिहा.