विमान लेट झालं तर नेमकं काय मागायचं? कोल्हापूरहून उडणाऱ्या प्रवाशांसाठी

विमान दोन तास लेट झालं की उजळाईवाडीच्या टर्मिनलमध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘दहा हजार भरपाई मिळते, नियम आहे.’ नियम आहे, पण तो उशिराचा नाही. देशांतर्गत विमानाला नुसता उशीर झाला, तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमात रोख भरपाईची तरतूद नाही. त्यात खाणंपिणं, पर्यायी विमान, पूर्ण परतावा आणि ठरावीक वेळी हॉटेल मिळतं. रोख रक्कम मागता येते ती तीन प्रसंगी: विमान रद्द झालं आणि तुम्हाला वेळेत कळवलं नाही, एकाच तिकिटावरचं त्याच कंपनीचं पुढचं विमान चुकलं, किंवा कन्फर्म तिकीट असून, वेळेत पोहोचूनही तुम्हाला विमानात घेतलं नाही. काउंटरवर जाण्याआधी आपलं प्रकरण यातलं कोणतं, ते ठरवा. चुकीची मागणी केली की पहिल्याच ईमेलला नकार येतो, आणि जे हक्काचं होतं तेही मागायचं राहून जातं.

आधी उशिराचं पाहू. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणं आणि पेय मोफत. कोल्हापूरहून मुंबई, हैदराबाद, बेंगळुरूला जाणारी थेट विमानं याच गटात येतात. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची, त्याहून लांबच्याला चार तासांची. कुणी आणून देईल याची वाट पाहू नका, दोन तास होताच काउंटरवर मागा. उशीर सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल, तर सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. चोवीस तासांहून जास्त उशीर झाला, किंवा रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतलं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेल आणि तिथवरची ने-आण कंपनीकडे.

रद्द झालेल्या विमानाची भरपाई उड्डाणाच्या नियोजित कालावधीवर ठरते. एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तास ७,५००, दोन तासांपुढे १०,०००. हे कमाल आकडे आहेत. तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यापेक्षा कमी भरत असेल, तर तेवढंच मिळतं. म्हणजे मूळ भाडं आणि इंधन मिळून २,३०० असेल, तर भरपाई २,३००. विमानतळ शुल्क आणि कर या हिशेबात धरत नाहीत. मुंबईचं उड्डाण तासाभराच्या आसपासचं असल्यानं तिकिटावरची सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ नीट वाचा. पंचावन्न मिनिटं आणि एक तास पाच मिनिटं यांत एका टप्प्याचा फरक पडतो. तिकिटाचा पूर्ण परतावा या भरपाईखेरीज वेगळा मिळतो.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे चांगली प्रकरणं वाया जातात. शाहूपुरीतल्या किंवा राजारामपुरीतल्या एजंटाकडून तिकीट काढलं, तर बऱ्याचदा त्यात मोबाइल नंबर एजंटाचा असतो. रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो, तुम्ही थेट विमानतळावर पोहोचता. प्रवाशानं पुरेसा संपर्क दिला नसेल, तर कंपनीवर भरपाईचं बंधन राहत नाही. तिकीट हातात येताच त्यावर स्वतःचा नंबर आणि ईमेल आहे का ते बघा, नसेल तर कंपनीच्या ॲपमध्ये लगेच घाला.

दुसरी चूक वेगवेगळ्या तिकिटांची. कोल्हापूर-मुंबई एका पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) आणि पुढचं दिल्ली किंवा दुबई दुसऱ्यावर काढलं, तर पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकल्यास ते नुकसान तुमचंच. चारशे रुपये वाचवण्यासाठी असं करू नये. एकच पीएनआर घेणं जमणारच नसेल, तर मध्ये पुरेसा वेळ ठेवा, पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच निघा.

विमानात बसू न दिल्यास हिशेब वेगळा. तासाभरात दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. चोवीस तासांत दिलं तर मूळ भाडं आणि इंधन शुल्काच्या दुप्पट, कमाल १०,०००. त्याहून उशिरा दिलं तर चौपट, कमाल २०,०००. दुसरं विमान नकोच असेल, तर पूर्ण परतावा आणि वर चौपट, मर्यादा तीच.

नकाराचं नेहमीचं कारण ‘हवामान’. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षा, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना रोख भरपाई लागू नाही, हे खरं. पण परतावा किंवा दुसरं विमान तेव्हाही मागता येतं. आणि कारण खरंच ते होतं का, हे तपासा. त्याच वेळी त्याच धावपट्टीवरून इतर विमानं उडत होती का? तांत्रिक बिघाड किंवा वैमानिक उपलब्ध नसणं यांची नावं त्या यादीत नाहीत, त्यामुळे तिथे मुद्दा लावून धरावा. कारण लेखी मागा, ईमेलवर आलं तरी चालेल. सूचनाफलकाचा फोटो, आलेले सगळे मेसेज, बोर्डिंग पास, जेवणाची आणि टॅक्सीची बिलं जपून ठेवा. परताव्याऐवजी कंपनीकडे पैसे जमा ठेवायचे का, हे प्रवाशानं ठरवायचं असतं. नको असेल तर स्पष्ट ‘नको’ लिहा.

परतावा घेऊन रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस किंवा स्लीपर बस धरली, तर तो जादा खर्च या नियमांत मिळत नाही. तो ग्राहक आयोगात मागावा लागतो, म्हणून ती तिकिटंही ठेवा.

तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. पीएनआर, तारीख, उड्डाण क्रमांक, कोणत्या प्रसंगाखाली किती रक्कम, एवढं चार ओळींत. दाद लागली नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे, मग अपिलीय अधिकाऱ्याकडे. सोबत ‘एअरसेवा’ ॲपवर नोंद करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार घेतात. तरीही काही झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात दावा करता येतो, म्हणजे कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो, कोल्हापूरकराला कोल्हापुरातच दाद मागता येते. तिकिटासाठी तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि अर्ज ऑनलाइनही भरता येतो. मुदत दोन वर्षांची.

युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या विमानांना तिथला नियम लागतो, कंपनी कुठलीही असो. तिथे मात्र निव्वळ उशिरालाही रोख मिळते: तीन तास किंवा जास्त उशिरा पोहोचल्यास अंतरानुसार २५० ते ६०० युरो, अर्थात असाधारण कारण नसेल तर. मुलाबाळांना भेटून फ्रँकफर्टहून मुंबईला परतताना असं झालं, तर दावा त्याच नियमाखाली करा, डीजीसीएच्या नाही. भारताकडे येणारी ही उड्डाणं साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढची, म्हणून सर्वांत वरच्या, ६०० युरोंच्या टप्प्यात येतात. उशीर चार तासांच्या आत असेल, तर ही रक्कम निम्म्यावर येऊ शकते.