प्रागमध्ये शनिवार-रविवार: कोणत्या दिवशी काय पाहायचं आणि कुठे फसायचं नाही

बर्लिन, ड्रेस्डेन किंवा म्युनिकला नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींचा पहिला मित्रांसोबतचा दौरा बरेचदा प्रागचाच असतो. शहर जवळ आहे, जर्मनीपेक्षा स्वस्त आहे आणि जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे. तरी दोन दिवसांत निम्मं शहर बघायचं राहून जातं, आणि त्याचं कारण एकच असतं: दिवसांची अदलाबदल. योसेफोव या ज्यू वस्तीतली संग्रहालयं आणि सिनेगॉग शनिवारी बंद असतात. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना दुपारी बारापर्यंत बंद असतं. म्हणून शनिवारी किल्ला आणि रविवारी योसेफोव. उलटं केलंत, तर दोन्हीकडे बंद दार बघून परत याल.

निघण्याआधी

जर्मनीचा निवास परवाना असेल तर चेकसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत शेंगेन देशांत फिरता येतं. मात्र परवाना आणि पासपोर्ट, दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. फोनमधला फोटो चालत नाही. इंग्लंडमधून कुणी भारतीय पासपोर्टवर येणार असेल तर त्याला शेंगेन व्हिसा लागेल, आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटची वेळ महिनाभर आधी बघायला गेलात तरी बरेचदा मिळत नाही. गटातल्या अशा एका माणसामुळे बेत बारगळतो, म्हणून तारीख त्यालाच आधी विचारा.

रेल्वेने ड्रेस्डेनहून सव्वादोन-अडीच तास लागतात, बर्लिनहून चार-साडेचार. आसन आरक्षण सक्तीचं नसलं तरी शुक्रवार संध्याकाळसाठी घ्याच. चौघं एकत्र बसायचं असेल तर दुसरा मार्ग नाही. जाताना डावीकडच्या खिडक्या मागा. ड्रेस्डेन सुटल्यावर एल्बे नदी त्याच बाजूने सोबत करते आणि बास्तायचे वालुकाश्माचे कडे पलीकडच्या काठावर दिसतात. प्राग आलं असं वाटून होलेशोवित्से स्थानकात उतरू नका. मुख्य स्थानकाचं नाव ‘प्राहा ह्लाव्नी नाद्राझी’ आहे, तिथे उतरा.

मुक्काम कुठे

जुन्या चौकाजवळची खोली महाग पडते आणि रात्री गोंगाट असतो. विनोह्राडी भागात, ‘नामेस्ती मीरू’ या मेट्रो स्थानकाजवळ जागा बघा. मुख्य स्थानकावरून लाल सी लाइनने एक थांबा ‘मुझेउम’, तिथे बदलून हिरव्या ए लाइनने पुढचा थांबा, झालं. इथूनच २२ नंबरची ट्राम थेट किल्ल्याकडे जाते. स्थानक जमिनीखाली सुमारे ५३ मीटर खोल आहे. सरकता जिना संपता संपत नाही आणि त्याचा वेगही जास्त आहे, म्हणून बॅगा पुढ्यात धरा. शहरभर दगडी फरसबंदी आहे, त्यामुळे चाकाच्या बॅगेपेक्षा पाठीवरची सॅक बरी. रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते. गॅलरीत गप्पांचा फड जमवलात तर शेजारी तक्रार करणारच.

तिकीट आणि पैसे

प्रत्येकाने २४ किंवा ७२ तासांचं तिकीट घ्यावं. दर वेळी सुटं तिकीट काढण्यात गटाचा वेळ जातो. मेट्रोला अडवणारी दारं नाहीत, त्यामुळे फुकट जाता येईल असा भ्रम होतो. तपासनीस साध्या वेशात असतात आणि दंड तिकिटाच्या कैक पट असतो. कागदी तिकीट घेतलं असेल तर पहिल्या प्रवासाआधी ते पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाहीच, मग ते पैसे देऊन घेतलेलं का असेना. पर्यटक सर्वांत जास्त अडकतात ते इथेच. ॲपवरचं तिकीट गाडीत चढण्याआधी सुरू करून ठेवा.

चलन कोरुना आहे. युरो चौकाभोवतालची दुकानं घेतात, पण आपल्या भावाने. कार्डाने पैसे देताना किंवा एटीएममधून काढताना ‘युरोत रूपांतर करू का?’ असा प्रश्न पडद्यावर आला तर नाही म्हणा आणि कोरुनाच निवडा. रूपांतराचा भाव यंत्रवाल्याच्या फायद्याचा असतो. एटीएम बँकेच्या इमारतीतलं बघा, दर दहा पावलांवर दिसणारं पर्यटकांसाठीचं नको. नोटा बदलून घेतल्या आणि भाव वाईट निघाला, तर १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. हा तिथला कायदाच आहे. रस्त्यात कुणी स्वस्तात बदलून देतो म्हणाला तर थांबूही नका.

शनिवार

किल्ला खालून चढू नका, वरून उतरा. २२ नंबरची ट्राम पकडून ‘पोहोर्झेलेत्स’ला उतरा. म्हणजे स्त्राहोव मठ आणि लोरेटाचं चर्च बघत सारा रस्ता उताराचा मिळतो. लोरेटाच्या मनोऱ्यात २७ घंटांचा संच आहे. याच ट्राममध्ये खिसेकापूही फिरतात, तेव्हा सॅक पोटाशी घ्या.

आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, फक्त प्रवेशाला सुरक्षा तपासणी होऊ शकते. तिकीट लागतं ते आतल्या इमारतींना. कॅथेड्रल नऊला उघडतं. पावणेनऊला रांगेत उभे राहिलात आणि तिकीट आधीच ऑनलाइन घेतलेलं असलं की अर्धी लढाई जिंकली. बांधकाम १३४४ साली सुरू झालं आणि १९२९ मध्ये पूर्ण झालं, म्हणून पूर्व आणि पश्चिम टोकांचा दगड वेगळा वाटतो. चित्रकार आल्फोन्स मुखाने केलेली रंगीत काचेची खिडकी डाव्या बाजूला आहे, सकाळी ती नीट बघा. जुन्या राजवाड्यातल्या व्लादिस्लाव दालनात घोडेस्वारांच्या झुंजी होत, त्यासाठी घोडे चढतील असा रुंद जिना मुद्दाम बांधलेला आहे. तिथल्याच एका खिडकीतून १६१८ मध्ये बादशहाच्या दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या लेखनिकाला बाहेर फेकलं. तिघंही वाचले, पण तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी तिथे पडली. बाहेर पडताना पूर्वेच्या दारातून जुन्या पायऱ्या उतरा, तुम्ही थेट ‘मालोस्त्रान्स्का’ स्थानकापाशी पोहोचता.

दुपार काम्पा बेटावर घालवा, फार काही ठरवू नका. सहा जणांसाठी रात्रीचं टेबल मात्र आठवडाभर आधी राखून ठेवा. शनिवारी आयत्या वेळी इतक्या जणांना एकत्र जागा मिळणं कठीण.

शाकाहारी मित्रासाठी ‘स्माझेनी सीर’ म्हणजे तळलेलं चीज जवळजवळ सगळीकडे मिळतं. बटाट्याच्या सुपात बरेचदा डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा मांसाचा रस्सा असतो, आणि ‘स्विच्कोवा’ व गुलाश बहुधा गोमांसाचे असतात. विचारल्याशिवाय मागवू नका. जेवणाआधी टेबलावर आलेल्या पावाचे पैसे बिलात लागू शकतात. पारंपरिक पबमध्ये बियरचा हिशेब टेबलावरच्या कागदाच्या पट्टीवर रेघा मारून ठेवतात. ती पट्टी हरवू नका, तिच्यावर लिहू नका. काही ठिकाणी ग्लास रिकामा दिसला की न विचारता पुढचा येतो, नको असेल तर ग्लासवर बियरखालचा पुठ्ठा ठेवायचा. न पिणाऱ्याने ‘कोफोला’ मागवावं, तिथला देशी कोला. बिल मागताना वेटर विचारेल, एकत्र की वेगळं? टीटीएमएम करायचं असेल तर ‘ज्वलाश्त’ म्हणा. दहा टक्के टीप पुरे. मेट्रो एरवी मध्यरात्रीच्या सुमारास आणि शुक्रवारी-शनिवारी रात्री एकच्या सुमारास बंद होते. त्यानंतर ९१ ते ९९ नंबरच्या रात्रीच्या ट्रामगाड्या असतात, त्या सगळ्या ‘लाझार्स्का’ थांब्यावर भेटतात.

रविवार

चार्ल्स पूल उजाडताना बघायचा, नंतर नाही. जूनमध्ये पाचच्या सुमारास उजाडतं, डिसेंबरमध्ये आठला. १३५७ साली सुरू झालेला हा ५१६ मीटरचा पूल दिवसा माणसांनी भरून जातो आणि त्याचे ३० पुतळे डोक्यांच्या वर तेवढे दिसतात. सगळे उठणार नाहीत. ज्यांना यायचंय त्यांनीच या, बाकीच्यांना नऊला योसेफोवला गाठायला सांगा, ‘स्तारोम्येस्तस्का’ स्थानकावरून.

पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या जवळजवळ ८०,००० ज्यूंची नावं लिहिली आहेत. इथे घाई करू नका. शेजारच्या दफनभूमीत जागा नव्हती, म्हणून १७८७ पर्यंत थरावर थर घालून पुरत गेले. वाकडेतिकडे दाटलेले दगड त्यामुळेच. सिनेगॉगमध्ये पुरुषांनी डोकं झाकायचं असतं.

जुन्या चौकातल्या १४१० सालच्या ओरलोय घड्याळाखाली दर तासाला गर्दी जमते. येशूच्या शिष्यांचा फेरा मिनिटभरात आटोपतो आणि वर बघणाऱ्यांचे खिसे तेवढ्यात रिकामे होतात. गर्दीमागे उभे राहा. चुकामूक झाली तर चौकातल्याच धर्मसुधारक यान हुसच्या स्मारकापाशी भेटायचं ठरवा. घड्याळाची सगळ्यात बाहेरची कडी जुना चेक वेळ दाखवते, त्यात दिवस सूर्यास्तापासून मोजतात. नगरभवनाशेजारी फरशीवरचे २७ पांढरे क्रॉस १६२१ मध्ये इथे देहदंड दिलेल्या बंडखोरांचे, त्याच खिडकीफेकीनंतरच्या बंडाचे.

दुपारी बॅगा मुख्य स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवून सी लाइनने विशेह्रादला जा, तीनच थांबे. संगीतकार ड्वोरझाक आणि स्मेताना यांची थडगी तिथल्या स्मशानात आहेत, आणि तटावरून व्लतावा नदी लांबवर दिसते. गाडीच्या अर्धा तास आधी स्थानकावर परता, कारण प्लॅटफॉर्मचा नंबर फलकावर अगदी शेवटी येतो. परतीच्या गाडीत जर्मन पोलीस सीमेवर कागदपत्रं तपासतात, तेव्हा पासपोर्ट वरच्या रॅकवरच्या सॅकमध्ये ठेवू नका.